सर्पदंश : प्रश्न वाचकांचे, उत्तरे डॉक्टरांची

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे सर्पदंशाविषयीची पत्रे वाढू लागतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा रोख काय बांधावे, काय लावावे आणि काय पाजावे याकडे आहे. या तिन्ही प्रश्नांचे खरे उत्तर 'काहीही नाही' असे आहे. मात्र नुसते 'करू नका' म्हटल्याने समोर माणूस तळमळत असताना कोणी हात बांधून बसत नाही, म्हणून त्यामागची कारणे थोडी विस्ताराने देत आहे.

प्रश्न : आमचे शेत तालुक्याच्या रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरावर आहे. साप चावल्यास जखमेच्या वर दोरी किंवा रुमाल घट्ट आवळून बांधावा, म्हणजे विष वर चढत नाही, असे आम्हाला लहानपणी शिकवले होते. अलीकडे आरोग्य केंद्रातील कर्मचारी बांधू नका असे सांगतात. यातले खरे काय मानावे?

उत्तर : आरोग्य केंद्रातील कर्मचारी सांगतात तेच खरे आहे. दंशातून शरीरात शिरलेले विष बहुतेक वेळा थेट रक्तवाहिनीत जात नाही. ते त्वचेखाली किंवा स्नायूत साठते आणि तेथून मुख्यतः लसीकावाहिन्यांमधून, म्हणजे शरीरातला पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमधून, हळूहळू पसरते. या वाहिन्यांमधील प्रवाह स्नायूंच्या हालचालीवर चालतो, त्यामुळे चावलेला पाय जितका हलेल तितके विष लवकर पसरते. दोरी आवळून हा प्रवाह खात्रीने थांबत नाही, पण पायाचा रक्तपुरवठा मात्र तुटतो. घोणस, फुरसे आणि नाग यांचे विष दंशाच्या जागेचे मांसच नासवते. ते एका जागी कोंडले गेले आणि त्यात रक्तपुरवठाही बंद झाला, तर विषातून वाचू शकणारा पाय दोरीमुळे कापावा लागतो. शिवाय आवळलेली दोरी एकदम सोडली की साचलेले विष एकाच वेळी शरीरात उतरते आणि रुग्ण काही मिनिटांत कोसळू शकतो. म्हणून कोणी आधीच दोरी बांधून टाकली असेल, तर ती वाटेत सोडू नये. रुग्णालयात पोहोचताच डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावी. सलाइन आणि प्रतिविष (सापाचे विष निष्प्रभ करणारे औषध, ज्याला लोक 'लस' म्हणतात) यांची तयारी झाल्यावर ते ती सावकाश सोडवतात.

मग करायचे काय? रुग्णाला आहे तेथेच बसवावे किंवा आडवे करावे, आणि गाडीपर्यंतसुद्धा त्याला चालू देऊ नये. हाड मोडल्यावर देतात तसा फळीचा, काठीचा किंवा घट्ट गुंडाळलेल्या चादरीचा आधार चावलेल्या हातापायाला द्यावा. तो आधार सैलसर पट्ट्यांनी असा बांधावा की सांधा हलणार नाही, पण पट्टीखाली बोट सहज जाईल. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, कडे, घड्याळ ताबडतोब काढावे, कारण सूज चढल्यावर तेच दागिने आवळपट्टीचे काम करतात आणि मग ते कापून काढावे लागतात. दंशाची वेळ कोणीतरी नक्की लक्षात ठेवावी. १०८ क्रमांकावर फोन करावा, मात्र रुग्णवाहिका यायला उशीर लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. मोटारसायकल असेल तर रुग्णाला स्वतः चालवू न देता, चालवणारा आणि मागे धरून बसणारा अशा दोघांच्या मध्ये बसवावे. उलट्या होत असतील किंवा गुंगी येत असेल, तर त्याला डाव्या कुशीवर झोपवून न्यावे. निघतानाच रुग्णालयात फोन करून प्रतिविष उपलब्ध आहे का हे विचारून घ्यावे. तेथे ते नसल्याचे पोहोचल्यावर कळले, तर जो वेळ जातो तो कोणत्याही उपचाराने भरून निघत नाही.

ऑस्ट्रेलियात संपूर्ण हातापायाला रुंद लवचीक पट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे आणि इंटरनेटवर ती पाहून काही वाचकांनी तिच्याविषयी विचारले आहे. ती पद्धत तेथील सापांसाठी बसवलेली आहे आणि पट्टीचा दाब नेमका राखण्यासाठी सराव लागतो. आपल्याकडे दंश घोणस-फुरशाचाही असू शकतो, आणि त्यात अशा दाबाने जागेवरची इजा वाढण्याचा धोका असतो. त्यामुळे सर्वसामान्य माणसाने त्या भानगडीत पडू नये.

प्रश्न : जखमेवर चिरा देऊन रक्त वाहू दिले, तोंडाने विष चोखले किंवा बर्फ लावला तर उपयोग होतो का? आमच्या गावात एक जाणते गृहस्थ कडुनिंबाचा पाला चघळायला देऊन विष चढले की नाही ते ओळखतात आणि मंत्राने उतरवतात. त्यांच्या हाताने बरे झालेली कितीतरी माणसे मी स्वतः पाहिली आहेत.

उत्तर : तुम्ही पाहिलेली माणसे बरी झाली, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न इतकाच आहे की त्यांच्या अंगात विष गेले होते का? आपल्याकडे होणाऱ्या दंशांपैकी मोठा भाग बिनविषारी सापांचा असतो. विषारी साप चावला तरी तो प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही, पुष्कळ दंश कोरडे असतात. हे सगळे रुग्ण काहीही न करता बरे होणारच असतात आणि त्याचे श्रेय त्या वेळी जो कोणी समोर बसलेला असेल त्याच्या पदरात पडते. ज्यांच्या अंगात खरोखर विष भिनले होते त्यांची नावे मात्र अशा यादीत येत नाहीत. पाला कडू लागला म्हणून निश्चिंत होणे तर फारच धोक्याचे आहे, कारण कोणत्याही विषामुळे कडू चव ओळखण्याची शक्ती अशी ठरावीक रीतीने जात नाही.

चिरा देण्याबाबत सांगायचे तर, घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बंद पडते. अशा माणसाच्या पायाला ब्लेडने चिरा दिल्या की ते रक्त थांबत नाही. चोखून विषाचा उपयोगी ठरेल असा अंश बाहेर येत नाही, उलट जखमेत तोंडातले जंतू मात्र जातात. बर्फ, पोटॅशियम परमँगनेट, विजेचा झटका, मिरची, दारू, कोंबडीचे पिल्लू हे सारे याच पंक्तीतले आहे. दुखणे कमी करायचे असेल तर पॅरासिटामॉलची गोळी चालते. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

भारतातील सर्पदंशाच्या मृत्यूंविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. त्यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि रुग्णालयाबाहेर झालेले होते. त्या जाणत्या गृहस्थांविषयी गावात आदर असेल तर त्यांचाच उपयोग करून घ्यावा. 'आधी गाडीत बसा' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले, तर ते माझ्या सांगण्यापेक्षा अधिक ऐकले जाईल.

प्रश्न : आमच्या शेजारची मुलगी रात्री जमिनीवर अंथरूण घालून झोपली होती. पहाटे पोटात दुखते म्हणून उठली, दोन उलट्या झाल्या. अपचन समजून घरच्यांनी ओव्याचे पाणी दिले. सकाळी तिच्या पापण्या उघडेनात, तेव्हा रुग्णालयात नेले आणि तेथे मण्यार चावल्याचे निदान झाले. अंगावर कोठेही दंशाची खूण नव्हती, सूज नव्हती, घरात साप कोणी पाहिला नव्हता. असे होऊ शकते का? डॉक्टरांचे काही चुकले तर नसेल?

उत्तर : होऊ शकते, आणि मण्यारीच्या बाबतीत बहुधा असेच होते. डॉक्टरांनी अचूक निदान केले. मण्यार रात्री फिरते, भक्ष्य शोधत घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात किंवा पाय तिच्यावर पडला की चावते. तिचे दात बारीक असतात, दंशाला वेदना जवळजवळ नसते, सूज येत नाही, म्हणून कित्येकदा माणसाची झोपही मोडत नाही. काही वेळा डास किंवा मुंगी चावली असेल असे वाटून तो कूस बदलतो. त्यानंतर काही तासांनी पोटात कळा, उलटी, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे, अंग मोडून येणे अशी लक्षणे सुरू होतात. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागतात, आवंढा गिळता येत नाही, लाळ ओघळते, मान सावरत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या धडधाकट माणसाचे पहाटे पोट दुखू लागले, तर त्याला वर पाहायला सांगावे. कपाळाला आठ्या पडतात पण पापण्या अर्ध्यावरच राहतात असे दिसले, तर खूण शोधत बसण्यात वेळ न घालवता निघावे.

हे विष मज्जातंतूंच्या टोकांवर हल्ला करते आणि स्नायूंना संदेश पोहोचवणारी यंत्रणाच निकामी करते. एकदा ही टोके निकामी झाली की प्रतिविषाने ती दुरुस्त होत नाहीत, शरीर ती नव्याने उभारते आणि त्याला काही दिवस लागतात. त्या काळात रुग्णाचा श्वास व्हेंटिलेटरने चालू ठेवणे हाच खरा उपचार असतो. नागाच्या विषाने होणारा पक्षाघात थोडा निराळा असतो. तेथे विष संदेश स्वीकारणाऱ्या जागा अडवून बसते, म्हणून अ‍ॅट्रोपिनसोबत निओस्टिग्मिनचे इंजेक्शन दिल्यावर पापण्या उचलल्या जाताना दिसू शकतात. मण्यारीच्या दंशात या औषधाचा तसा भरवसा देता येत नाही.

नातेवाइकांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. अशा रुग्णाचे डोळे मिटलेले असतात, हातपाय हलत नाहीत, बाहुल्याही विस्फारलेल्या आणि प्रकाशाला प्रतिसाद न देणाऱ्या असू शकतात, त्यामुळे पाहणाऱ्याला तो गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो शुद्धीवर असू शकतो आणि खाटेभोवतीचे सारे बोलणे त्याला ऐकू येत असते. हा पक्षाघात वेळेवर कृत्रिम श्वास मिळाल्यास बहुधा कोणताही दोष मागे न ठेवता ओसरतो. त्यामुळे वाटेत श्वास मंदावला तर तोंडाने किंवा फुग्याने श्वास देत राहावे, आणि 'आता काय उपयोग' असे म्हणून गाडी माघारी वळवू नये.

जमिनीवर झोपणे टाळता येत नसेल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली सर्व बाजूंनी नीट खोचाव्यात. मण्यारीपासून बचावाचा इतका स्वस्त आणि खात्रीचा दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही.

प्रश्न : चावलेला साप मारून किंवा पकडून दवाखान्यात नेल्याशिवाय डॉक्टर योग्य लस देऊ शकत नाहीत, हे खरे आहे का?

उत्तर : खरे नाही. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रितपणे चालते, त्यामुळे साप ओळखला नाही म्हणून उपचार अडत नाहीत. डॉक्टर लक्षणांवरून निर्णय घेतात. सापाच्या मागे धावण्यात वेळ जातो, दुसरा माणूस चावून घेतो, आणि मेलेल्या सापाचे तुटलेले डोकेसुद्धा काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते. सुरक्षित अंतरावरून मोबाइलवर छायाचित्र निघाले तर जरूर काढावे, कारण पुढच्या गुंतागुंतीचा अंदाज बांधायला ते उपयोगी पडते.

मात्र स्वतःच्या ओळखीवर विसंबून 'हा बिनविषारी आहे' असा निवाडा करू नये. बिनविषारी डुरक्या घोणस आणि विषारी घोणस, किंवा बिनविषारी कवड्या आणि मण्यार यांत भले भले फसतात. कवड्याच्या अंगावरचे पांढरे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात आणि डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होतात. हे वाचायला सोपे असले तरी रात्री कंदिलाच्या उजेडात, पळणाऱ्या सापाच्या बाबतीत, अजिबात सोपे नसते. दोन दातांच्या खुणा म्हणजे विषारी आणि अनेक खुणा म्हणजे बिनविषारी, हा ठोकताळाही तितकाच बेभरवशाचा आहे.

कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातील वाचकांसाठी एक पुस्ती जोडतो. हिरव्या चापड्यासारखे काही विषारी साप या चौघांत मोडत नाहीत आणि त्यांच्या दंशावर या प्रतिविषाचा भरवसा धरता येत नाही. तेथे सूज, वेदना, रक्तस्राव आणि मूत्रपिंडे यांवर लक्ष ठेवून उपचार करावे लागतात. तुमच्याकडचे छायाचित्र तेथे खरोखर कामाला येते.

प्रश्न : माझ्या भावाला साप चावल्यावर आम्ही वीस मिनिटांत रुग्णालय गाठले, पण डॉक्टरांनी लगेच लस दिली नाही. नुसते रक्त घेऊन नळीत ठेवले. दीड तासाने एकदम दहा बाटल्या दिल्या. त्यानंतर त्याच्या अंगावर गांधी उठल्या आणि लस मध्येच थांबवली. हा सगळा प्रकार आम्हाला हलगर्जीपणाचा वाटला.

उत्तर : तुमची घालमेल समजू शकतो, पण तुम्ही वर्णन केलेला क्रम मला योग्य वाटतो. प्रतिविष तयार करताना घोड्यांना सापाचे विष अगदी अल्प प्रमाणात टोचून त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होऊ देतात आणि मग ती वेगळी करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी १८९५ च्या सुमारास हे पहिल्यांदा साधले, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. घोड्याची प्रथिने माणसाच्या शरीराला परकी असल्याने त्यांची तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते, क्वचित जिवावरही बेतू शकते. म्हणून विष भिनल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय ते देत नाहीत. कोरड्या दंशाला दिलेले प्रतिविष म्हणजे लाभ काहीच नाही आणि धोका मात्र पूर्ण.

तो पुरावा शोधण्याचा एक मार्ग तुम्ही पाहिलेली नळी हा होता. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन ती २० मिनिटे हात न लावता उभी ठेवतात आणि मग एकदाच हळूच तिरपी करतात. गुठळी झाली असेल तर रक्त जागेवर राहते. ते पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले आहे असे समजतात. हे विष रक्त गोठवणारे घटक आधी नको तेथे वापरून संपवते, आणि मग गरजेच्या जागी गोठवायला काही उरत नाही. नळी काचेचीच लागते. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत ही चाचणी फसते. पहिल्या वेळी रक्त गोठले तरी चाचणी पुन्हा पुन्हा करतात, कारण विष उशिरा चढू शकते. याच कारणाने काहीही लक्षण नसलेल्या रुग्णालाही २४ तास ठेवून घेतात. तो आग्रह मोडून रुग्णाला घरी नेऊ नये.

मोठ्या माणसाला सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या सलाइनमधून सुमारे तासाभरात देतात. लहान मुलालाही तितक्याच देतात, वजन कमी म्हणून मात्रा कमी करत नाहीत, कारण सापाने सोडलेले विष मुलासाठी कमी नसते. गर्भवतीलाही गरज असल्यास प्रतिविष द्यावेच लागते. रक्त गोठत नसेल तर सहा तासांनी पुन्हा तपासून पुढची मात्रा ठरवतात. यकृताला गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला तेवढा वेळ लागतो.

अंगावर गांधी उठल्यावर प्रतिविष थांबवणे, अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन देणे आणि रुग्ण सावरल्यावर तेच प्रतिविष पुन्हा हळू सुरू करणे, हा ठरलेला क्रम आहे. ते पुन्हा सुरू केले नसते, तर तुमची तक्रार रास्त ठरली असती. एक मात्र खरे की दीड तासात नातेवाइकांशी दोन वाक्ये बोलायला कोणालाच सवड मिळू नये, ही आपल्या रुग्णालयांची जुनी खोड आहे.

प्रश्न : आमची वस्ती दुर्गम आहे. प्रतिविषाच्या कुप्या विकत आणून घरी ठेवल्या आणि गरज पडल्यास कंपाउंडरकडून टोचून घेतल्या तर?

उत्तर : कृपया असे करू नये. वर सांगितलेली अ‍ॅलर्जी घरात उद्भवली तर ती सांभाळण्याची साधने तेथे नसतात, आणि पायात किंवा दंडात टोचलेले प्रतिविष पुरेशा वेगाने रक्तात पोहोचत नाही. शिवाय ज्याचे रक्त गोठत नाही त्याला स्नायूत सुई टोचल्यास तेथेच रक्त साकळते. धनुर्वाताचे इंजेक्शनसुद्धा अशा रुग्णाला रक्त पुन्हा गोठू लागेपर्यंत देत नाहीत. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाचा साठा आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का, हे ग्रामसभेत विचारणे अधिक उपयोगाचे आहे. तेथे पहिली मात्रा सुरू करून मग मोठ्या रुग्णालयात पाठवले तर वाटेतला वेळ वाया जात नाही.

प्रश्न : पत्नीला घोणस चावली होती. प्रतिविष आणि डायलिसिसने ती वाचली. घरी आल्यावर दहाव्या दिवशी ताप आला आणि सांधे दुखू लागले. विष अंगात राहिले असेल का?

उत्तर : विष राहिलेले नाही. प्रतिविषातील परक्या प्रथिनांविरुद्ध शरीराने दिलेली ही उशिराची प्रतिक्रिया असण्याची शक्यता अधिक आहे. ती साधारण एक ते दोन आठवड्यांनी येते, ताप, सांधेदुखी आणि अंगावर पुरळ अशी तिची लक्षणे असतात आणि थोड्या दिवसांच्या औषधांनी ती जाते. तरीही डॉक्टरांना दाखवावे, कारण जखमेतील जंतुसंसर्गानेही ताप येतो. मूत्रपिंडांची तपासणी मात्र पुढील काही महिने नियमित करत राहावी. लघवीचे प्रमाण, पायांवरची सूज आणि रक्तदाब यांकडे लक्ष असू द्यावे.

घोणशीच्या गंभीर दंशानंतर क्वचित मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीला इजा होते. तिची लक्षणे कधी लगेच, तर कधी कित्येक महिन्यांनी किंवा वर्षांनी उमटतात. सततचा थकवा, थंडी सहन न होणे, रक्तदाब कमी राहणे, मासिक पाळी बंद होणे अशा तक्रारी पुढे कधी सुरू झाल्या, तर ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना दंशाची गोष्ट तुम्ही आपणहून सांगा आणि रुग्णालयाची जुनी कागदपत्रे दाखवा. संप्रेरकांच्या साध्या रक्त तपासणीने निदान होते आणि गोळ्यांनी उपचार होतात, पण जुन्या सर्पदंशाचा या तक्रारींशी संबंध असेल अशी शंका विचारल्याशिवाय कोणाच्या मनात येत नाही.